मधल्या फळीतला निशिओका

कोहेई निशिओका गौतमीच्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदा आला तो मान आखडून. ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागात मॉलच्या मागच्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाला लागून ते फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं आणि गौतमी तिथे नुकतीच कामाला लागली होती. कोहेई मॉलमधल्या सुशीच्या दुकानात पहाटेपासून भाताचे रोल वळायचा आणि संध्याकाळी वायपुना रोव्हर्स नावाच्या क्लबकडून फुटबॉल खेळायचा. मान कशाने धरली, असं गौतमीने विचारलं. ओट्यावर वाकून वाकून धरली असेल, असा तिचा अंदाज. तो म्हणाला, फुटबॉलने. डोक्याने चेंडू मारून का, तर तेही नाही. बघून बघून, म्हणाला.

म्हणजे काय, हे तिला बऱ्याच दिवसांनी कळलं.

गौतमी नागपूरची, इंदोऱ्याची. घरात क्रिकेटसुद्धा कुणी धड बघत नसे. वडिलांचं सगळं लक्ष मुलीच्या अभ्यासावर. ती नागपुरातच फिजिओथेरपी शिकली, पुढच्या शिक्षणासाठी ऑकलंडला आली, इथल्या नोंदणीच्या सगळ्या पायऱ्या चढली आणि पुण्याच्या सारंगशी लग्न करून हिल्सबरोला राहू लागली. सारंग कॉम्प्युटरवाला. मुलगी मनाली, सगळं मराठी कळणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. फुटबॉलशी या घराचा काडीचा संबंध नव्हता. पण मान मोकळी झाल्यावर कोहेईने क्लबात जाऊन सांगितलं, की शनिवारी मैदानावर ही बाई पाहिजे. क्लबला फिजिओ मिळतच नव्हता, त्यांनी लगेच फोन केला. गौतमीने सारंगला विचारलं. तो म्हणाला, जा की, हिवाळ्यात शनिवारी घरात बसून आपण तरी काय दिवे लावतो.

पहिल्या सामन्याला ती बाकावर बसली तेव्हा कोहेई नेमकं काय करतो ते तिला समजेना. तो गोल मारत नव्हता, गोलाच्या आसपासही फिरकत नव्हता. जोरात पळणं नाही, कुणाला आडवं पाडणं नाही. मैदानाच्या मधोमध उभा असल्यासारखा दिसायचा. तिच्या शेजारी संघाचा गोलकीपर सेफा बसला होता, बोट मोडल्यामुळे. सेफा मूळचा सामोआचा, दाराच्या चौकटीएवढा माणूस. तो म्हणाला, चेंडूकडे बघू नकोस, त्याच्या मानेकडे बघ.

तिने बघितलं. चेंडू दुसऱ्या कुणाकडे असताना कोहेईची मान सारखी फिरत होती, डाव्या खांद्यावरून मागे, उजव्या खांद्यावरून मागे, वर्दळीचा रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखी. चेंडू त्याच्या पायात येईपर्यंत पाठीमागे कोण कुठे आहे हे त्याला पाठ झालेलं असे. म्हणून तो वळायचा ते बरोबर मोकळ्या बाजूला, आणि एक साधा पास देऊन मोकळा व्हायचा. लोक टाळ्या वाजवायचे त्या पुढच्या माणसासाठी.

क्लिनिकच्या टेबलावर पालथा पडला की कोहेई बोलायचा. समोरासमोर तो फारसा बोलका नव्हता. तोंड उशीच्या भोकात असलं की त्याला बरं वाटत असावं. असं महिनोन्‌महिने तुकड्यातुकड्यांनी गौतमीला त्याचं सगळं आयुष्य समजलं.

शिझुओकाकडच्या डोंगरउतारावरचं त्याचं गाव चहाचं. वडील कारखान्यात, चहाची कोवळी पानं वाफवायच्या यंत्रावर. त्या भागात पोर चालायला लागलं की त्याच्यापुढे चेंडू टाकतात. कोहेईच्या शाळेच्या संघात शंभरावर मुलं होती, आणि त्यातली बहुतेक जण मैदानाबाहेर उभं राहून आपल्या संघाच्या नावाने ओरडण्यातच शाळा संपवायची. कोहेईही पहिली दोन वर्षं ओरडणाऱ्यांत होता. तिसऱ्या वर्षी मधल्या फळीतला एक मुलगा आजारी पडला, याला आत घेतलं आणि हा आतच राहिला. पुढे कॉलेजच्या संघातून खेळला आणि बाविसाव्या वर्षी देशाच्या तिसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबाने त्याला करारावर घेतलं. गावात त्याच्या नावाचा फलक लागला. पहिला मोसम बाकावर गेला, दुसऱ्यात जरा बरं चाललं, आणि त्या डिसेंबरात क्लबच्या ऑफिसात बोलावून, खुर्ची देऊन, चहा देऊन त्याला सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी आपली गरज पडणार नाही.

तिथून तो सिंगापूरला गेला. मग लाटव्हियाला, जिथे मार्च महिन्यात फावड्याने बर्फ बाजूला सारून सराव चालायचा आणि संघातले लोक काय बोलतात ते त्याला वर्षभर समजलं नाही. मग भारतात, शिलाँगला. तिथला लिंग्डोह नावाचा कोच सराव संपला की सगळ्यांना स्वतःच्या घरी जेवायला न्यायचा. कोहेईला हिंदी येत होतं ते मैदानातलं तेवढंच: पीछे, अकेला, छोड, टाइम है. हे शब्द जपानी उच्चारात ऐकून गौतमी एवढी हसली की तिला हात थांबवावा लागला.

शिलाँगच्या क्लबाचा कारभार बसला, तेव्हा एका एजंटने न्यूझीलंड सुचवलं. कोहेई आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. रोव्हर्सकडून मिळायचं ते खोलीच्या भाड्यापुरतं. म्हणून सुशीचं दुकान. वडिलांना मात्र तो फोनवर फक्त फुटबॉलचं सांगायचा. जपान सोडून मुलगा परदेशी गेला आणि तिथे सुशी वळतो, ही गोष्ट चहाच्या कारखान्यात कशी दिसेल, याची त्याला काळजी होती.

गौतमीची आई लता नागपूरहून पहिल्यांदा आली, त्या वर्षी गौतमीने कोहेईला घरी जेवायला बोलावलं. जपानी माणूस येणार म्हटल्यावर लताबाईंनी कपाटातली, वंदनेला नेसायची पांढरी साडी काढली. कामठीचं ड्रॅगन पॅलेस, जपान्यांच्या मदतीने बांधलेलं बुद्धविहार, त्यांनी कितीदा पाहिलेलं. जपानी म्हणजे बौद्ध, आणि बौद्ध म्हणजे आपला माणूस, असा त्यांचा सरळ हिशोब. तो आत आल्याआल्या त्यांनी त्याला दिवाणखान्यातल्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे उभं केलं, मेणबत्ती हातात दिली आणि वंदना म्हणायला सांगितलं. कोहेई कानापर्यंत लाल झाला. त्याने गौतमीला हळूच सांगितलं, की त्याच्या घरी देवळात जातात ते नव्या वर्षाला आणि कुणी गेलं तर. त्याला काही येत नाही. मग बराच विचार करून म्हणाला, आजी रोज सकाळी एक ओळ म्हणायची. आणि त्याने ती म्हटली: नामु आमिदा बुत्सु.

लताबाईंनी कान देऊन ऐकलं. "नमोच आहे ना बाप्पा ते," त्या गौतमीला म्हणाल्या. "काऊन लाजून राहिला मग हा?"

त्या दिवशी त्यांनी पाटवडीचा रस्सा केला होता, नागपुरी तिखटाचा, कुणाची गय न करता. कोहेईच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्याने दोनदा वाढून घेतलं. जाताना लताबाई जय भीम म्हणाल्या. त्याने कमरेत वाकून अगदी स्पष्ट जय भीम म्हटलं, आणि तेव्हापासून त्या घरात शिरताना तो तेच म्हणू लागला.

पुढे कोविड आला, लीग थांबली, सुशीचं दुकान बंद झालं. कोहेई रोज माउंट वेलिंग्टनच्या डोंगराला पळत फेऱ्या घालत राहिला. त्याच काळात सरकारने इथे अडकलेल्या कामकऱ्यांना कायम राहण्याची परवानगी द्यायचं ठरवलं, त्यात त्यालाही मिळाली. खेळाडू म्हणून इतके देश फिरला, पण 'आता राहा' असं त्याला म्हटलं ते या एकाच देशाने, आणि तेही फुटबॉलसाठी नव्हेच.

तो चौतीस वर्षांचा झाला त्या मोसमात रोव्हर्सची दशा वाईट होती. चांगले तरुण खेळाडू दुसऱ्या क्लबांनी उचलले होते. कोच क्रेग पेशाने प्लंबर, या क्लबात लहानाचा मोठा झालेला. त्याचा बापही इथेच खेळलेला. शेवटच्या सामन्यात हरलो तर खालच्या श्रेणीत घसरगुंडी, बरोबरी झाली तरी वाचलो, अशी वेळ आली. मैदानाच्या कडेने एरवी पन्नास-साठ माणसं असायची, त्या शनिवारी मोटारी लावायला जागा नव्हती.

पहिल्या अर्ध्यात रोव्हर्सने गोल केला. मध्यंतराच्या थोडं आधी, कॉर्नरवर उडी मारताना, कोहेईचं डोकं आपल्याच बचावपटूच्या डोक्यावर आदळलं. आवाज बाकापर्यंत आला. गौतमी पोचेपर्यंत तो उठून उभाही राहिला होता. तिने ठरलेले प्रश्न विचारले: हे मैदान कुठलं, कितवा अर्धा चालू आहे, शेवटचा गोल कुणी मारला, गेल्या आठवड्यात कुणाशी खेळलो. चारही उत्तरं बरोबर, आणि झटपट. डोळे ठीक, तोल ठीक. तिचं मन काही घेईना. पण बोट ठेवायला जागा नव्हती. ती परत आली.

दुसरा अर्धा सुरू झाल्यावर तिने चेंडू बघितलाच नाही. ती त्याची मान बघत होती. मान हलत नव्हती. चेंडू येई, कोहेई घेई आणि वळे तो थेट प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. सेफाने गोलातून दोन्ही हात पसरून बाकाकडे बघितलं. चेंडू बाहेर गेल्यावर गौतमीने पंचांना सांगून मैदानात धाव घेतली.

तिने पुन्हा पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि तो पुरा व्हायच्या आत उत्तर आलं. दुसऱ्याचंही तसंच. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हे प्रश्न याला पाठ आहेत. इतकी वर्षं देशोदेशीच्या फिजिओंनी त्याला हेच तर विचारलं होतं. पडल्यापडल्या तो शेजारच्या खेळाडूला स्कोअर विचारून ठेवत असे, हेही तिला नंतर समजलं. तिने प्रश्न बदलला.

"आपला कोच कोण?"

"लिंग्डोह," तो म्हणाला. आवाजात जराही शंका नव्हती.

आज सकाळी दुकानात बरोबर कोण होतं, असं तिने विचारलं. तो तिच्याकडे सौम्यपणे बघून जपानीत काहीतरी म्हणाला. तिने त्याचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने बाकाकडे बदलीची खूण केली.

क्रेग रेषेवर येऊन उभा होता. "पाच मिनिटं दे त्याला. पाणी मार, सावरेल."

"नाही."

"गौतमी, दुसरा कुठलाही दिवस असता तर मी बोललो नसतो."

"क्रेग, तो आत्ता शिलाँगमध्ये आहे."

क्रेगला शिलाँग म्हणजे काय ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण फिजिओने बाहेर काढलेला माणूस परत आत जात नाही, हा क्लबचा स्वतःचा नियम होता आणि पंच ऐकत उभे होते. बदली झाली. कोहेई बाकावर बसून मैदानाकडे बघत राहिला. त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा एक पोरगा गेला, जिवाच्या आकांताने धावला; पण मधून रस्ता पडला तो पडलाच. पाहुण्यांनी एक गोल फेडला, आणि सामना संपत आला असताना दुसरा मारला. रोव्हर्स खाली गेले.

कपडे बदलायच्या खोलीत गौतमीशी कुणी बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिने उत्तर दिलं असतं. तिने बॅग भरली, सारंगला फोन करून बोलावलं आणि दोघांनी कोहेईला हॉस्पिटलात नेलं. स्कॅनमध्ये रक्तस्राव वगैरे काही निघालं नाही. विश्रांती घ्या, म्हणाले. उजेड, आवाज, मोबाइल टाळा. त्याला त्याच्या सँडरिंगहॅमच्या खोलीवर सोडताना त्याने आभार मानले. तिसऱ्या दिवसापासून मात्र त्याने तिचे फोन घेणं थांबवलं.

मग सेफाकडून कळलं. कोहेईचं म्हणणं असं, की तो ठणठणीत होता. गौतमी घाबरली, आणि तिच्या घाबरण्यापायी क्लब गेला. क्लबनेही कळवलं, की खालच्या श्रेणीत फिजिओ ठेवणं आता जमणार नाही. गौतमीने ते सारंगला वाचून दाखवलं आणि भांडी घासायला घेतली. घासून ठेवलेलं पातेलं तिने पुन्हा घासलं. आपण बरोबर केलं याबद्दल तिला शंका नव्हती. पण ज्याला वाचवायला आपण ती खूण केली, त्यानेच आपल्याला भित्री म्हणावं, हे तिला गिळता येत नव्हतं.

वसंत ऋतूत लताबाई दुसऱ्यांदा आल्या. एका दुपारी त्या सारंगबरोबर ज्वारीचं पीठ आणि मेथी आणायला सँडरिंगहॅमला गेल्या. मिठाईच्या दुकानापुढून पिशव्या घेऊन गाडीकडे येताना त्यांना बसथांब्याच्या बाकावर कोहेई दिसला. काळा चष्मा, टोपी कपाळावर ओढलेली, दोन्ही हात कानांवर. त्याची खोली दुकानांच्या मागेच होती. आत बसवत नव्हतं, कारण शेजारच्या भटारखान्याचा पंखा दिवसभर घरघरायचा. आणि बाहेर बसवत नव्हतं, कारण रस्ता. लताबाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. सारंगने सांगायचा प्रयत्न केला, की आई, त्याचं आणि गौतमीचं जरा बिनसलंय. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "जय भीम," म्हणाल्या, त्याच्या हाताला धरून उठवलं आणि गाडीत बसवलं. वाटभर त्या त्याच्याशी हळू आवाजात मराठीत बोलत होत्या, नागपूरच्या उन्हाबद्दल, विमानातल्या जेवणाबद्दल. पुढे कोहेई म्हणायचा, की इतक्या दिवसांत पहिल्यांदाच असं कुणीतरी बोलत होतं ज्याला उत्तर द्यावं लागत नव्हतं.

गौतमी क्लिनिकमधून घरी आली तर दिवाणखान्याचे पडदे ओढलेले आणि आई दारात तोंडावर बोट ठेवून उभी. "आवाज नको करू. झोपून राहिला तो."

तो उठल्यावर लताबाई मनालीला घेऊन मागच्या अंगणात गेल्या. गौतमी त्याच्यासमोर मोड्यावर बसली.

"मी ठीक होतो," तो म्हणाला. "तू विचारलंस त्या सगळ्याची बरोबर उत्तरं दिली मी."

"पहिल्या वेळी दिलीस. दुसऱ्या वेळचं आठवतं?"

"दुसरी वेळ कुठली?"

तेव्हा तिला उमगलं, की याला कुणी सांगितलेलंच नाही. संघातल्यांनी हळहळून, संकोचून, तो विषयच टाळला होता. तिने त्याला पहिल्यापासून सांगितलं: मान कशी थांबली, चेंडू घेऊन तो दोनदा कुठे वळला, तिने काय विचारलं, त्याने काय उत्तर दिलं. लिंग्डोहचं नाव ऐकल्यावर त्याने चष्मा काढला. त्याच्या आठवणीत मध्यंतरापूर्वीची टक्कर होती, मैदानातले पहिले चार प्रश्न होते, आणि त्यानंतर थेट हॉस्पिटलची पांढरी भिंत. मधला सगळा वेळ त्याने मनाने भरून काढला होता, आणि त्यात तो चांगला खेळत होता.

मग तो बोलू लागला. टेबलावर पालथं पडून नव्हे, तिच्याकडे बघून. असं पूर्वीही झालं होतं. शिलाँगला एकदा, आणि त्याआधी जपानात, तिसऱ्या श्रेणीतल्या त्याच्या सर्वांत गाजलेल्या सामन्यात. तेव्हा डोक्याला पट्टी बांधून तो पुरा खेळला होता, त्याच्या पासवर विजयी गोल झाला होता, वर्तमानपत्रात फोटो आला होता. गावातल्या दुकानात तो फोटो अजून आहे.

"तो पास मला आठवतो, असं मी सगळ्यांना सांगत आलो," कोहेई म्हणाला. "पण मला आठवतो तो व्हिडिओ. त्यात मी स्वतःला वरून बघतो. मैदानात उभं राहून जे दिसायला हवं, त्यातलं काहीच माझ्याकडे नाही."

थोड्या वेळाने त्याने माफी मागितली, जपानी रीतीने, खाली वाकून. वाकू नकोस, चक्कर येईल, असं ती म्हणाली, आणि खरंच आली.

मेंदूच्या डॉक्टरांकडे जाताना त्याने तिला बरोबर नेलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. याआधीचं धरून ही तिसरी मोठी इजा. चौथीची वाट बघू नये. कोहेईने एकच विचारलं, पळता येईल ना. येईल, म्हणाले, हळूहळू, डोकं दुखायला लागलं की थांबायचं. त्याचा खेळ असा एका मंगळवारी संपला. निरोपाचा सामना झाला नाही. सेफाने संघाची जर्सी आणून दिली, तिच्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या आणि क्रेगची सही सगळ्यांत लहान होती.

क्रेग पुढे एकदा सुशीच्या दुकानात आला. कोहेई तोवर पुन्हा कामावर लागला होता. क्रेगने जेवण बांधून घेतलं, पैसे दिले, तरी जाईना. मग म्हणाला, त्या दिवशी तू मला मैदानात हवा होतास आणि खरं सांगायचं तर अजूनही तसंच वाटतं. कोहेई म्हणाला, मलाही. दोघांनी हात मिळवला. गौतमीशी क्रेग आजही मान हलवण्यापलीकडे बोलत नाही, आणि तिनेही तो नाद सोडला आहे.

वडिलांना फोनवर कोहेईने सगळं एकदम सांगितलं, डोक्याचं, क्लबचं आणि सुशीचंही. मग वडिलांनी विचारलं, तांदूळ कुठला वापरता. कॅलिफोर्नियाचा, म्हटल्यावर ते बराच वेळ त्या तांदळाबद्दलच बोलले. शेवटी म्हणाले, एवढी वर्षं तुला कुणी ना कुणी संघात घेतच होतं, हे काही लहान नाही.

पंच व्हायचं कोहेईच्या डोक्यात कुणी घातलं याबद्दल दुमत आहे. सेफा म्हणतो मी. सारंग म्हणतो मी. ऑकलंडात पंच कायमच कमी असतात, त्यामुळे शिबिराला गेला त्याच महिन्यात त्याच्या हाती शिट्टी आली. कोहेईला एवढंच समजलं होतं, की मैदानाच्या मधोमध, सगळीकडे बघत, डोक्याने चेंडू न मारता पळायला मिळेल असं हे एकच काम आहे. सुरुवात लहान मुलींच्या सामन्यांपासून झाली, आणि त्यातला एक मनालीच्या संघाचा निघाला. सामना संपता संपता त्याने मनालीच्याच हाताला चेंडू लागल्याबद्दल पेनल्टी दिली. ती घरी येऊन आजीला म्हणाली, "ही इज सो अनफेअर, आजी." लताबाईंनी विचारलं, लागला होता का हाताला. मनाली बूट काढायला लागली. पुढच्या वेळी कोहेई जेवायला आला तेव्हा ती त्याच्यापासून लांबच्या खुर्चीवर बसली, आणि वरणभात संपेपर्यंत तिचा राग उतरला.

दोन हिवाळ्यांत तो वरच्या सामन्यांपर्यंत पोचला. मोठ्या माणसांच्या सामन्यात पंचाला काय काय ऐकावं लागतं ते त्याला नवं नव्हतं. काही भाषांतले अपशब्द तर त्याला आधीपासून येत होते. गौतमीही पुन्हा मैदानावर जाऊ लागली, दुसऱ्या एका क्लबाच्या महिला संघाबरोबर. मधूनमधून त्यांच्या सामन्याला पंच म्हणून कोहेईच यायचा. अशा दिवशी दोघं सामन्याआधी एकमेकांशी कामापुरतंच बोलत. त्याने हात केल्याशिवाय तिने आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम. आणि तो हात चटकन करायचा.

गेल्या जुलैत अशाच एका सामन्यानंतर पाऊस थांबला होता आणि लोक पांगले होते. गौतमी बाकावर बसून पट्ट्या गुंडाळत होती. तिच्या संघाची कप्तान अनाहेरा चिखलाचे बूट हातात घेऊन कोहेईजवळ आली आणि तुम्ही स्वतः कधी खेळलात का, असं तिने विचारलं. गौतमीला वाटलं, हा आता काहीतरी बोलून विषय टाळेल.

"खेळलो ना," कोहेई म्हणाला. "पाच देशांत, तेरा वर्षं. मधल्या फळीत."

अनाहेराने विचारलं, त्यातला सगळ्यांत भारी सामना कुठला. कोहेईने जपानातला तो फोटोवाला सामना सांगितला नाही. तो लाटव्हियाचं सांगू लागला. एप्रिलमधला, रिकाम्या स्टेडियममधला, शून्य-शून्य सुटलेला एक सामना, ज्यात काहीएक घडलं नव्हतं आणि ज्याचा व्हिडिओही कुठे नव्हता. कडेला बर्फाचे ढीग होते आणि चेंडू नारिंगी होता. डावीकडचा उंच बचावपटू सतत शिंकत होता. कोहेईने बोटाने ओल्या बाकावर मैदान काढलं आणि तो पहिल्या पासपासून सांगायला लागला, चेंडू कुणाकडून आला, मागे कोण होतं, आपण कुठे वळलो. अनाहेरा बूट खाली ठेवून बघत होती. गौतमीच्या पट्ट्या गुंडाळून झाल्या, बॅग बंद झाली, तरी तो अजून पहिल्या अर्ध्यातच होता.